मागून आलेला नट

सारोळ्याचा नीरेवरचा पूल ओलांडला आणि गाडीच्या डाव्या बाजूने टक्‌टक् असा आवाज यायला लागला. वेग वाढवला की आवाज वाढायचा, कमी केला की कमी. शेजारी आई बसलेली, आणि पुढे खंबाटकीचा घाट. टायर बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट बघायचे हा आमच्या घरचा जुना नियम, त्यामुळे शिरवळला मी थांबणारच होते. शिरवळपर्यंत जायची वेळ आली नाही. गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि उतरून मागच्या डाव्या चाकापाशी बसले. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. पाना लावावाच लागला नाही.

टायर आदल्याच दिवशी घातले होते. चकचकीत दुकान, काचेमागे एसी, बसायला सोफा. बिलावर अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन असं सगळं वेगवेगळ्या ओळींत छापलेलं. गाडी जॅकवरून खाली आल्यावर मी पाना मागितला होता. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं, ‘‘सर, मॅडमना सांगा, गनने टाईट केलंय. पान्याची गरजच नाही.’’

या गनवर माझा राग आहे, आणि तो त्या दिवसाचा नाही. हवेवर चालणारं ते यंत्र वाईट नाही. नट खोलायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण बसवताना नट हाताने धरून आट्यांवर दोन-तीन वेढे नीट फिरवून घ्यावा लागतो, मगच यंत्र. मुलगा नट थेट गनच्या तोंडात धरतो आणि स्टडवर टेकवून चाप ओढतो. नट तिरका चढला असला तरी गन त्याला रेटून आत घालते. घर्र असा आवाज येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, झालं घट्ट. तो आवाज आत किती जोर बसला ते सांगत नाही. एक नट इतका आवळला जातो की रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीबरोबर मिळालेल्या पान्यावर उभं राहूनही तो सुटत नाही, आणि त्याच्या शेजारचा नुसता टेकलेला असतो. बहुतेक छोट्या गाड्यांच्या नटांना ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो आणि तो मोजणारा टॉर्क पानाही बाजारात मिळतो. त्या दुकानात तो भिंतीवर टांगलेला होता. त्याच्या मुठीवरचं प्लास्टिकचं वेष्टनही निघालेलं नव्हतं.

आणि व्हॉल्व्हच्या टोप्या! टायरच्या दुकानातून माझी गाडी कधी चारही टोप्या घेऊन परत आलेली मला आठवत नाही. एवढीशी काळी टोपी. तिच्याविना काय अडतं, असं दुकानदार म्हणतो. अडतं. आतली पिन धुळीने भरते, पुढच्या वेळी हवा भरताना तो कण आत अडकतो आणि हवा हळूहळू उतरत राहते. ही स्प्रिंगची पिन जॉर्ज श्रेडर नावाच्या अमेरिकन माणसाने केली. १८९३ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. आज सायकलीपासून ट्रकपर्यंत तीच आहे. इतका काळ टिकलेली वस्तू जपण्यासाठी दोन रुपयांची टोपी लागते, आणि ती मुलाच्या खिशात किंवा गटारात जाते.

नट म्हटलं की मला आठवतो तो अण्णा. कराडच्या बाहेर, महामार्गाच्या कडेला त्याची पत्र्याची टपरी होती. तो केरळचा. आमच्या भागात हायवेवर पंक्चर काढणारे पुष्कळजण तिकडचे, आणि आम्ही सगळ्यांना अण्णाच म्हणायचो. माझ्या वडिलांची, आप्पांची, महिंद्राची जीप होती. त्या रात्री पाऊस होता, मागचं चाक बसलेलं, आणि आम्हाला इस्लामपूरला मामाकडे पोचायचं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अण्णाने ट्यूब बाहेर काढली, पाण्याच्या टबात दाबून बुडबुडा शोधला, कानसेने रबर घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारली. सगळं जोडून हवा भरल्यावर त्याने अंगठा जिभेला लावला आणि ओला अंगठा व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवला. थुंकीचा फुगा येतोय का ते तो डोळे बारीक करून बघत राहिला. फुगा आला नाही. मग टोपी लावली. त्याआधी हबवरचा चिखल आणि गंज त्याने फडक्याने पुसून घेतला होता. मधे घाण राहिली तर चाक तिच्यावर बसतं, ती चिरडली गेली की नट सैल पडतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला तो नुसता वेळ लावतोय असं वाटत होतं.

आम्ही निघालो. वाठारला आप्पा चहाला थांबले. चहा संपत आला होता तेव्हा पावसातून एक लुना आली. अण्णा. डोक्यावर खताची पिशवी बांधलेली. उतरला आणि मूठ उघडली. मुठीत नट होता.

‘‘साब, एक माझ्याकडे राहिला. ताटलीत होता.’’

मला वाटतं, माझ्या लहानपणाचं दुसरं कुठलंही दृश्य मला इतक्या बारकाव्याने दिसत नाही. त्याची ओली दाढी दिसते, नटावरचं ग्रीस दिसतं.

नट चाक धरून ठेवतो म्हणजे काय करतो, हे मी पुढे वाचलं. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो. तो परत आखडू बघतो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबून बसतं. गाडीचं ओझं नट उचलत नाहीत. चाक आणि हब यांच्यामधलं घर्षण ते ओझं पेलतं. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने आट्यांचं प्रमाण सुचवलं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसे. पुढे १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की उभ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे नटाला जास्त सैल करतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर जरासे घसरू लागले की नट आपला आपण उलटा फिरत जातो. म्हणजे एक नट नसला तर राहिलेल्यांवर नुसता भार वाढतो असं नाही, त्यांचीही सुटण्याची सुरुवात होते. वाठारपर्यंतच्या त्या रस्त्यावर आमच्या चाकात हेच चाललेलं असणार.

अण्णाने नट लावायला हात पुढे केला, पण आप्पांनी पाना त्याच्या हातातून घेतला. स्वतः बसले आणि पाचही नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले. मग दुसऱ्या चाकाचे, मग तिसऱ्याचे. अण्णा टॉर्च धरून उभा. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आप्पा त्याचा अपमान करताहेत. मी तसं बोललेही. आप्पांच्या आधी अण्णाच बोलला, ‘‘नाय बेबी, बघायलाच पायजे. मी केलं तरी बघायचं.’’

आजवर चांगले कारागीर मी एका गोष्टीवरून ओळखत आले, ती हीच. तुम्ही तपासायला वाकलात की ते टॉर्च धरतात. शिवणारी बाई फिटिंग बघायला आरशासमोर उभं करते, सुतार दार लावून आपल्याकडून उघडून-मिटून घेतो. ज्याला तपासणीचा राग येतो त्याच्या कामाची मला धास्ती वाटते. पुण्यातल्या त्या दुकानाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. मालक म्हणाला, मुलगा नवीन होता, काढून टाकतो. मला ते ऐकून जास्त संताप आला. काढून काय होणार? आत सोफ्यावर बसलेल्याला गाडी चाळीस मिनिटांत हवी, बाहेर रांग, एका मुलाकडे एकाच वेळी दोन जॅक. एका गाडीचं चाक चढवता चढवता त्याला दुसऱ्या गाडीसाठी हाक मारली जाते. तो परत येतो तेव्हा कुठले नट झाले आणि कुठले राहिले हे लक्षात ठेवायची काहीच सोय नाही. पैसे काचेआडचा माणूस घेतो आणि नोकरी गुडघ्यावर बसलेल्या मुलाची जाते. मी मालकाला सांगितलं, मुलाला काढू नका, तो टॉर्क पाना वेष्टनातून काढा. त्याने फुकट अलाइनमेंट देऊ केली.

माझी भाची श्टुटगार्टला असते. तिकडे थंडीचे टायर वेगळे, त्यामुळे वर्षातून दोनदा चाकं बदलतात. चाकं बदलून गाडी हातात देताना गॅरेजवाले सांगतात, बिलावर छापूनही देतात, की पन्नास किलोमीटर चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. बिलाचा फोटो तिने मला पाठवला तेव्हा मला आप्पांचा नियम कुठल्यातरी परक्या पोथीत सापडल्यासारखं झालं. आप्पांना जर्मनी माहीत नव्हती. त्यांना चाक बसताना थोडं दबतं हे माहीत होतं.

सारोळ्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला नट आवळता आवळता मी हे सगळं आईला सांगत होते. अण्णा, लुना, मुठीतला नट. उभं राहायला तिने दाराचा आधार घेतला होता. मला वाटलं होतं तीही हळवी होईल. ती म्हणाली, ‘‘तो परत आला म्हणून तुम्ही बापलेकींनी त्याला देव केला. तू मागे होतीस. तुझा भाऊ माझ्या मांडीवर होता. नट ताटलीत राहिलाच कसा, हे कुणी विचारलं नाही.’’

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. नंतरही आप्पा त्याच टपरीवर जात राहिले, ते तिला आवडत नव्हतं म्हणे. मग चौपदरीकरण आलं, टपरी हटली, अण्णा कुठे गेला ते आम्हाला कळलं नाही, आणि तिने तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता. मी म्हटलं, चूक कुणाचीही होते, पण रात्री पावसात मागून कोण येतं? ती म्हणाली, मागून यायची वेळ ज्याच्यावर येत नाही, त्याच्याकडे मी गाडी देईन.

घाट चढून उतरेपर्यंत आम्ही यावर भांडलो. तिला नट मोजून मगच गाडी सोडणारा हवा आहे, मला नट घेऊन धावणारा. सुरूरला थांबून मी पुन्हा चारही चाकं बघितली. आई गाडीत बसूनच विचारत होती, ‘‘उजवीकडचं मागचं झालं? आणि स्टेपनीची हवा?’’