मावशीचं टर्की बेकन आणि माझा लेख

मावशीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा इथे इंदूरमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे तिच्याकडे न्यू जर्सीत शनिवारची सकाळ. कॉल उचलला तर मावशी दिसेचना. दिसत होता दुकानातला एक लांबलचक उघडा फ्रीज आणि त्यात ओळीने लावलेली गुलाबी-लाल पाकिटं.

“अगं, यातलं कुठलं घेऊ ते सांग. तूच लिहिलंयस ना यावर?”

लिहिलं होतं खरं. वर्षभरापूर्वी. मी कंटेंट रायटर आहे. केस गळण्यापासून गृहकर्जापर्यंत जो विषय येईल त्यावर लिहिते. तेव्हा एका परदेशी क्लायंटचं काम आलं होतं: लो-कार्ब डाएट करणाऱ्यांनी साधं बेकन खावं की टर्की बेकन? तोपर्यंत मी दोन्हींपैकी एकही खाल्लं नव्हतं, नीट पाहिलंही नव्हतं. इंटरनेटवरचे पाच-सहा लेख वाचले आणि त्यांचं सार काढून दोन तासांत सातवा तयार केला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते लिहिताना मला फार छान वाटलं होतं. “टर्की बेकनमध्ये कार्ब्स जवळपास शून्य आणि चरबीही कमी, त्यामुळे मनसोक्त खा!” लेख इंग्रजीत होता. नाव माझं नव्हतं, तरी मोठ्या कौतुकाने त्याची लिंक मी घरच्या ग्रुपवर टाकली. आईने अंगठा पाठवला, मामाने फुलांचा गुच्छ.

मावशीने मात्र तो लेख वाचला.

तिची शुगर तेव्हा नुकतीच वाढलेली निघाली होती. एचबीए१सी ६.२. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असला की त्याला प्रीडायबेटिस म्हणतात, म्हणजे मधुमेह दारात उभा आहे, आत आलेला नाही. डॉक्टरांनी कार्ब्स कमी करायला सांगितलं. दुपारी पोळी एकावर आणली, रात्रीचा भात सोडला, तेवढं तिला जमलं. अडलं ते सकाळी. मावशी मूळची इंदूरची. एडिसनला जाऊन २६ वर्षं झाली तरी तिची सकाळ पोहे, वर शेव आणि जिरावण अशीच व्हायची. रविवारी ओक ट्री रोडवरून आणलेली जिलेबीसुद्धा. आपला मराठी नाश्ता आठवून बघा. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, घावन. यातून कार्ब्स काढले तर बशीत कढीपत्ता आणि शेंगदाणेच उरतात. एका माणसाच्या पोह्यांत सहज ४०-४५ ग्रॅम कार्ब्स जातात.

अशा वेळी तिला माझा लेख मिळाला. अमेरिकेत अंडी आणि बेकन हा अगदी रोजचा नाश्ता. काका तिथे गेल्यापासून कधीमधी साधं, म्हणजे डुकराच्या मांसाचं बेकन खातात. मावशीला ते कधी जमलं नाही. मटण, मासे, कोंबडी चालते, डुकराचं नाव काढलं की ती नाक मुरडते. पण टर्की? “मोठी कोंबडीच की ती!” नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, शेजारी अख्खा पक्षी भाजतात तोच हा. धर्मही सांभाळला, शुगरही सांभाळली आणि भाचीचा शब्दही राखला! वर्षभर रोज सकाळी एक अंडं आणि टर्की बेकनच्या चार-पाच पट्ट्या असं सुरू झालं.

शुगर खाली आली. ५.९. मी घरच्या ग्रुपवर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

“मग आता काय झालं?” मी फोनवर विचारलं.

“बीपी १४८-९२. गोळी चालू असून! डॉक्टरीणबाई विचारत होत्या, सकाळी काय खाता. म्हटलं, टर्की बेकन. किती? म्हटलं, चार-पाच. तर त्यांनी हातातलं पेनच खाली ठेवलं गं.”

माझ्या पोटात गोळा आला. त्या लेखात मी मिठाबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. विषय कार्ब्सचा होता ना.

मग मी तिला म्हटलं, “मावशी, पाकीट उलटं कर.” त्या दुकानात, लोक ट्रॉल्या ढकलत बाजूने जात असताना, आम्ही दोघींनी मिळून दोन पाकिटं वाचली. एक टर्कीचं, एक साध्या बेकनचं. ते बारीक अक्षर कॅमेऱ्यात यायला दहा मिनिटं लागली.

दोन्हींवर कार्ब्सच्या पुढे शून्य. म्हणजे ज्या कारणासाठी लोक या दोघांत निवड करायला बसतात, तिथे निवडण्यासारखं काही नव्हतंच. गंमत म्हणजे दोन्हींच्या घटकांच्या यादीत साखर होती! मुरवताना थोडी घालतात. पण एका वाढीत कार्ब्स अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतील तर तिथे ‘०’ छापायची मुभा आहे. एवढ्या साखरेने काही बिघडत नाही, पण शून्य म्हणजे अगदी शून्यच असं नसतं.

पुढची ओळ कॅलरींची. टर्कीच्या पाकिटावर ३५, साध्या बेकनवर ८०. “बघ, निम्म्याहून कमी!” मावशीला जरा धीर आला. मीही लेख लिहिताना इथेच फसले असणार. कारण वर बारीक अक्षरात ‘एक वाढ म्हणजे किती’ ते लिहिलेलं असतं. टर्कीच्या पाकिटावर एक वाढ म्हणजे १ पट्टी आणि साध्या बेकनच्या पाकिटावर तळलेल्या २ पट्ट्या. पट्टीला पट्टी लावली तर ३५ आणि ४०. मिठातलं सोडियमही तसंच. टर्की एका पट्टीला १७० मिलिग्रॅम, साधं दोन पट्ट्यांना ३३०. सगळ्याच कंपन्यांचे आकडे असे नसतात. फक्त पांढरं मांस वापरलेलं, अगदी कमी चरबीचं टर्की बेकनही मिळतं. पण मावशी वर्षभर जे आणत होती ते हे होतं.

मावशीने मनात हिशेब केला. तिने २२ वर्षं बँकेत काढली आहेत, तिला माझी गरज नव्हती. “चार पट्ट्यांचे ६८०. नि दिवसाला किती चालतं?” जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम ठेवायला सांगते, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचाभर मीठ. त्यातला एक तृतीयांश मावशी सकाळी आठच्या आत संपवत होती. नंतर दुपारी लोणचं, रात्री पापड, मध्ये कधी डब्यातलं सूप. काका दोन पट्ट्या खाऊन उठायचे, कारण साधं बेकन जड असतं, दोनात माणूस तृप्त होतो. मावशी मात्र टर्की आहे, हलकं आहे म्हणून चार-पाच घ्यायची. वर ते कोरडं मांस तव्याला चिकटतं म्हणून चमचाभर तेल. साध्या बेकनला तेल लागत नाही, त्याचीच चरबी सुटते.

कॉल संपल्यावर मी जे वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. हे पदार्थ बनतात कसे ते वाचलं. साधं बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस. मीठ, थोडी साखर आणि नायट्राइट लावून मुरवायचं, धुरावायचं आणि कापायचं. ते तुकड्याचं तुकड्यासारखं राहतं. टर्कीच्या पोटाला तशी चरबी नसते. त्यामुळे मांडीचं आणि इतर मांस बारीक करून, त्यात मीठ-मसाला मिसळून, लादी थापून, धूर देऊन त्याच्या पट्ट्या पाडतात. दिसायला बेकनसारखं दिसावं म्हणून बऱ्याचदा गडद आणि फिकट मांसाचे थर लावतात. खोटं आहे असं नाही, पण ‘मोठी कोंबडी’ म्हणून मावशीच्या डोळ्यांसमोर जे होतं, तेही ते नव्हे.

आणि दोन्ही शेवटी प्रक्रिया केलेलं मांसच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी म्हटलं. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून तेव्हा बराच गोंधळ झाला होता. गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. बेकन म्हणजे सिगारेट नव्हे. पण पक्ष्याचं मांस असलं म्हणून त्यातून सुटका नाही, मुरवलेली आणि धुरावलेली कोंबडी, टर्की हेही त्यात येतात. मावशी तर जास्त पैसे मोजून ‘अनक्युअर्ड’ लिहिलेलं पाकीट घ्यायची. त्यात वेगळं नायट्राइट घालत नाहीत, सेलरीच्या भाजीची पूड घालतात. त्या पुडीतून शेवटी नायट्राइटच तयार होतं.

या सगळ्यात मला टर्कीला खलनायक करायचं नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने संतृप्त चरबीकडे बघायला हवं, आणि त्याच्यासाठी कमी चरबीचं टर्की बेकन खरंच बरं. डुकराचं मांस न खाणाऱ्यांसाठीही तो एक पर्याय आहे. पण निव्वळ लो-कार्बसाठी निवडायचं असेल तर ‘चरबी कमी’ ही टर्कीची मोठी जाहिरात फारशी कामाची नाही. पोळी-भात कमी केल्यावर पोट भरायला थोडी चरबी लागतेच, नाहीतर अकरा वाजता बिस्किटांच्या डब्याकडे हात जातो. आणि प्रोटीन म्हणाल तर त्या एका पट्टीत २ ग्रॅम होतं. एका अंड्यात ६ असतं, मिठाशिवाय. मावशीने एक अंडं आणि चार पट्ट्या खाण्याऐवजी निदान उलटं करायला हवं होतं.

आपल्याकडे टर्की क्वचित दिसते, पण चिकन सलामी, चिकन सॉसेज आता इंदूरच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही आहे. ‘चिकनच तर आहे’ म्हणून ती मुलांच्या डब्यात जातात. त्या पाकिटांच्या मागेही सोडियमचा आकडा असतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला फोन करून सरळ माफी मागितली. म्हटलं, मी न बघता लिहिलं होतं. ती जरा वेळ गप्प बसली. मला वाटलं रागावली.

“अगं, मलाही वाचायला येतं की,” ती म्हणाली. “पाकीट माझ्याच हातात होतं रोज.” मग हळूच म्हणाली, “पण खरं सांगू? तुझं नाव नसलं तरी तू लिहिलेलं म्हणून मी दुसरं काही वाचलंच नाही.”

हे ऐकून मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आता तिच्याकडे असं ठरलंय. आठवड्यातले सहा दिवस दोन अंडी, कधी पनीरची भुर्जी, कधी छोटंसं मुगाचं धिरडं. रविवारी काकांसाठी साधं बेकन, दोनच पट्ट्या, आणि मावशीला वाटलं तर टर्कीच्या दोन. महिन्यातून एकदा अर्धी वाटी पोहे, भरपूर शेंगदाणे घालून, आणि त्या दिवशी दुपारची पोळी नाही. लोणच्याची बरणी टेबलावरून कपाटात गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळीही थोडी वाढवली आहे, त्यामुळे मागच्या आठवड्यात बीपी १३२-८४ आलं त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते मी ठरवत बसले नाही.

क्लायंटला मी मेल लिहिली. सोडियमचा एक परिच्छेद घाला, वाढीचा हिशेब नीट करा आणि ‘मनसोक्त’ काढा, असं कळवलं. पैसे मागितले नाहीत. आठ दिवसांनी उत्तर आलं. लेखाला बरेच वाचक येतात, त्यामुळे मोठा बदल नको, पण तो शब्द काढू. मी जाऊन पाहिलं. काढला होता. परिच्छेद घातला नव्हता. मी पुन्हा लिहिलं आहे, अजून उत्तर नाही.

काल मावशीचा परत व्हिडिओ कॉल आला. या वेळी तिच्या घरचा फ्रीज. खालच्या कप्प्यात टर्की बेकनची तीन पाकिटं, सेलमध्ये घेतलेली.

“यांचं काय करू गं?”

“टाकून दे.”

“टाकून?” मावशीचा चेहरा पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आला. “वीस डॉलर दिलेत! फ्रीझरमध्ये ठेवते. रविवारी दोन-दोन करून संपतील की दिवाळीपर्यंत.”