दोन्ही पाय जमिनीला

सायकल घ्यायला गेले तेव्हा माझी एकच अट होती. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. ही अट दुकानदाराची नव्हती, माझी होती. पुढे गुडघा धरला, पैसे गेले, एक चांगली सायकल वाया गेली. सगळ्याचं मूळ या अटीत आहे, म्हणून तिथूनच सांगते.

ती अट आली वडिलांच्या सायकलवरून. बावीस इंची, काळी, अठ्ठावीसचं चाक. पारनेरला आम्ही भावंडं तिच्या दांडीखालून पाय घालूनच शिकलो. सीटवर बसायला मिळालं आठवीत, आणि तेव्हाही पाय लोंबकळायचेच. उतरायचं तर रस्त्याकडेला दगड नाहीतर ओटा शोधायचा. एकदा हंगा गावाच्या रस्त्यावर काहीच मिळालं नाही आणि मी सायकलसकट बाभळीत पडले. कोपरावरचा व्रण अजून आहे. ती भीती तीस वर्षं अंगात राहिली.

२०२० साली शाळा बंद झाल्या, घरात बसून अंग जड झालं, तेव्हा सायकल घ्यायचं ठरवलं. नगरच्या दुकानात एकाच सायकलच्या दोन फ्रेम होत्या, पंधरा इंची आणि सतरा इंची. दुकानातला मुलगा माझ्याकडे बघून सतराचीच काढत होता. मी बसले, टाचा वर उचलल्या गेल्या आणि छातीत धस्स झालं. "पंधराची दे बाळा," म्हटलं. त्यात सीटही अगदी खाली करून घेतली. पुढे शॉकअप आणि जाड टायर असलेली होती, तीच मजबूत वाटली. डांबरी रस्त्यावर शॉकअपचं नुसतं वजन वाहायचं असतं आणि उभं राहून पायडल मारलं की थोडा जोर त्या स्प्रिंगा दाबण्यात जातो, हे नंतर कळलं.

सकाळी पारनेरहून हंगा, जमलं तर सुप्यापर्यंत जायचे. जाताना बरं वाटायचं. परतताना आषाढातला पश्चिमेचा वारा समोरून यायचा. सुप्याजवळच्या शहाजापूरच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्या वाऱ्यात गुडघे पार छातीशी येईपर्यंत वाकवून मी रेटत राहायचे. तीन आठवड्यांत उजव्या गुडघ्याच्या वाटीसमोर दुखायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही सुरू केलंय का?" मी नाही म्हटलं. सायकल म्हणजे व्यायाम, त्यानं दुखेल हे मनातच आलं नाही. ही माझी दुसरी चूक, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. दोन महिने गोळ्या आणि गुडघ्याचा पट्टा यांत गेले, सायकल मात्र तशीच चालू होती.

शेवटी पंक्चर काढणाऱ्या मामांनी ओळखलं. ट्यूब बसवून झाल्यावर त्यांनी मला सायकलवर बसून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "बाई, पाय जमिनीवर ठेवायचेत का पायडलवर?" मग भिंतीला धरून बसवलं, पायडल अगदी खाली आणलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली. टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात बेताचा बाक राहतो. माझा गुडघा खुर्चीत बसल्यासारखा वाकलेला होता.

घरी येऊन माप घेतलं. अनवाणी भिंतीला पाठ लावायची, जाडजूड वही दोन पायांमध्ये वर सीटसारखी दाबून धरायची, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं आलं ७५ सेंटिमीटर. त्याला ०.८८३ ने गुणलं की पायडल ज्या धुऱ्यावर फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. फ्रान्सची मोठी शर्यत १९८६, १९८९ आणि १९९० साली जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावावर हा हिशेब ओळखला जातो. पहिला अंदाज म्हणून तो चांगला आहे, पुढे अर्धा-एक सेंटिमीटर आपल्या पायाला विचारून ठरवायचा. माझा आकडा ६६. सीट होती ५३ वर.

मग मी एकाच दिवसात सीट वर ओढली. पंधराची फ्रेम मुळात बुटकी, सीटचा पाइप पुरेना. पाइपावर एक आडवी खूण कोरलेली असते; ती दिसेपर्यंत वर काढायचं नाही, तेवढा भाग फ्रेमच्या आत राहिलाच पाहिजे. ती खूण मी पाहिली आणि तरीही दोन बोटं वर घेतलं. गुडघ्याचं दुखणं खरंच थांबलं, म्हणून आणखी धीर आला. नवव्या दिवशी सीटखालून करकर ऐकू आली. फ्रेमच्या जोडावर रंगात केसाएवढी रेघ उमटली होती. नखाने खरवडली तर रंग निघाला, रेघ तशीच राहिली. मामांनी हात लावायला नकार दिला. ॲल्युमिनियमची फ्रेम, साध्या वेल्डिंगने ती भरवशाची होत नाही. चौदा हजारांची सायकल कोठीत गेली.

तिची चांगली पायडलं काढायला गेले तर तिथेही चुकले. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, चालवताना सैल होऊ नये म्हणून. मी नेहमीसारखा पाना फिरवून ते आणखी घट्ट केलं, शेवटी आटेच गेले.

आता सतरा इंची फ्रेम, पुढे शॉकअप नसलेला साधा चिमटा आणि बारीक टायरची सायकल आहे. भीतीचं काय केलं, तर थांबायची रीत शिकले. ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय पायडलवर, दुसरा जमिनीवर, दांडी दोन पायांमध्ये. शाळेच्या मैदानावर दोन संध्याकाळी पुरल्या. तीस वर्षांची भीती आणि दोन संध्याकाळी, याचं आजही वाईट वाटतं.

मी शिकवते त्या शाळेत सायकलवरून येणाऱ्या बऱ्याच मुलींच्या सीटा अशाच खाली असतात. म्हणून तिथल्या माझ्या टेबलाच्या खणात पाना ठेवलाय. मुलगी तयार असेल तर बोटभर वर करते, आठवड्याने आणखी बोटभर. तुमच्या घरातलं कुणी सायकल घ्यायला निघालं असेल तर आधी घरीच वही धरून माप घ्या आणि चिठ्ठीवर लिहून बरोबर न्या. दुकानात बसून बघताना टाचा उचलल्या जातील, जीव थोडा घाबरेल, तरी चिठ्ठीवरच्या आकड्यावर ठाम राहा.