मोतीबिंदू असेल, पिकू दे

साठी उलटलेले माणूस "नीट दिसत नाही" म्हणाले, की घरात एक ठरलेले उत्तर मिळते, "मोतीबिंदू असेल, पिकू दे." या उत्तरापायी किती डोळे गेले असतील, कोण जाणे! मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले की दिसू लागते, आणि हल्ली तर पिकण्याची वाटही पाहावी लागत नाही. काचबिंदू निराळा. त्यात मरते ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस. तिच्यात सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

एखाद्या घरातले अण्णा डोळ्यांपुढे आणा. वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, सुईत दोरा ओवून देतात. मग शंका कोण घेणार? पण कडेला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताने कलंडतो, जिन्याची पायरी चुकते, दाराची चौकट खांद्याला लागते. सून म्हणते, "अण्णांचं हल्ली लक्षच नसतं." अण्णा चिडतात. चूक दोघांचीही नसते. काचबिंदू सहसा बाजूची नजर आधी खातो, मधली बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत ठेवतो. गेलेल्या जागी काळा डाग दिसावा, तर तेही नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेले मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून सारवून टाकतो. भारतात झालेल्या पाहण्यांत सापडलेल्या बहुतेक रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे हे ठाऊकच नव्हते, यात नवल ते काय?

मग आजार मध्यापर्यंत येतो. शब्दातले एखादे अक्षर गळते, वेलांटी दिसत नाही, एक ओळ संपली की पुढची सापडत नाही. अण्णा चष्म्याचा नंबर बदलून आणतात, उपयोग शून्य. काहींच्या बाबतीत तर सुरुवातच मध्याजवळून होते, तीही डोळ्याचा दाब २१च्या आत असताना. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही पाहावी लागते. शिवाय दृष्टिक्षेत्राची तपासणी असते : हनुवटी टेकवून समोर पाहत राहायचे आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे. नेहमीच्या तपासणीत हे ठिपके ६ अंशांच्या अंतराने येतात; मध्याबद्दल संशय असला, तर २ अंशांच्या.

खरी कसोटी पुढे आहे. रोज थेंब घालायचे, तेही जन्मभर. त्यांनी गेलेली नजर परत येत नाही, आणि चार दिवस चुकले तर काही दुखतही नाही. "महिनाभर घातले, काहीच फरक नाही," म्हणून अण्णा बाटली कपाटात ठेवून देतात. खर्चही असतोच. पण फरक न पडणे हाच तर त्या थेंबांचा गुण! दाब उतरला की उरलेली नस टिकण्याची आशा असते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरावा, आणि दुसरे औषध असेल तर ५ मिनिटे थांबावे. अण्णांचा हात कापतो. नातीने हे काम अंगावर घेतले, तेव्हा कुठे त्यात खंड पडेनासा झाला.

हा विकार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितले. धाकट्या भावाला फोन गेला. तो हसून म्हणाला, "मला काय झालंय? मी अजून सुईत दोरा ओवतो."