सिनेमाची कोठीची खोली

पुण्याला गेलं की आपण तुळशीबाग, लक्ष्मी रोड आणि फार तर सारसबाग करून येतो, हो ना मैत्रिणींनो? या खेपेला वन्संनी मला लॉ कॉलेज रस्त्यावर नेलं, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. "तुझ्या त्या फोटोचं तिथं विचार," म्हणाल्या.

फोटोचं आधी सांगते. मामंजींचा तरुणपणीचा एकच फोटो घरात होता. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि तो काचेला चिकटला. मी उत्साहानं सुरीच्या टोकानं सोडवायला गेले, तर अर्धा चेहरा काचेवरच राहिला! सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे संग्रहालय १९६४ सालचं. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत पी. के. नायर यांनी ते घडवलं. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याचीही प्रत नाही. फिल्मवर चांदीचा अंश असतो. खेळ संपले की त्या चांदीसाठी रिळं विकून टाकत. आपणही आजेसासूबाईंचे जरीचे शालू असेच मोडीत घातले की! कोणाला नावं ठेवायची? दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची (१९१९) रिळं नायरांनी त्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवली, म्हणून त्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण होऊन आजही आपल्याला दिसते.

रिळांच्या खोल्या आम्हाला पाहायला मिळाल्या नाहीत. पण तिथल्या एका बाईंनी छान समजावून सांगितलं. जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच आग लागून अशी कितीतरी रिळं गेली. नंतरची अ‍ॅसिटेटची फिल्म तशी भडकत नाही, पण उष्णता नि दमटपणा लागला की सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा! फिल्म आकसते, वाकडी होते, आणि तिची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. आढीतला एक नासका आंबा, दुसरं काय! म्हणून अशी रिळं वेगळी काढायची, बाकीची थंड, कोरड्या जागी.

जुन्या चित्रपटांच्या दुरुस्तीचं कामही चालतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे मिनिटाला १,४४० झाली. त्यांतला ओरखडा न् ओरखडा पुसायचा. मला तर एक स्वेटर उसवून पुन्हा विणायचा कंटाळा! संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. इथं चित्रपटांचे खेळ होतात, जुनी पोस्टरं आणि गाण्यांच्या चोपड्याही जपल्या आहेत.

आता माझ्या फोटोचं. त्या बाई म्हणाल्या, काचेला चिकटलेला फोटो कधी ओढू नका, भिजवू नका. काचेसकट त्याचा आधी फोटो काढून घ्या. एरवी फोटो साध्या कागदी पाकिटात ठेवावेत, ओल्या भिंतीवर किंवा माळ्यावर नको. चिकट पानांचे अल्बम तर नकोतच.

घरी आल्यावर उरलेला कागद काचेमागे जुळवून धरला आणि यांनी मोबाइलवर फोटो काढला. गालावरून एक चीर गेलीय. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कान मात्र तस्सेच आलेत हो," त्या म्हणाल्या.