पडद्याचं ऑपरेशन आणि बोरघाट

डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो चढून राहिला तर काचबिंदूचा धोका, एवढं आता पुष्कळांना माहीत असतं. पडद्याचं ऑपरेशन सुरू झालं की मात्र हा दाब त्या डोळ्याचा स्वतःचा राहत नाही, तो मी ठरवते. मोतीबिंदू पंधरा-वीस मिनिटांत उरकतो, मग पडद्याला तास-दीड तास का, असं बाहेर बसलेले नातेवाईक सिस्टरना विचारत असतात. त्या वेळात माझं निम्मं लक्ष पडद्यावर असतं आणि निम्मं दाबावर.

डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिली पारदर्शक जेली असते. पडद्यापर्यंत पोचायचं तर ती काढावी लागते. त्यासाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं पाडतो. एकातून दिवा, एकातून कटर आणि तिसऱ्यातून सलाईनसारखं पाणी सतत आत. कटर जेली कातरून ओढून घेतो. जेवढं बाहेर गेलं तेवढं त्याच क्षणी आत आलं नाही, तर डोळा पिचकतो. १९६०च्या दशकात डेव्हिड कॅस्नर यांनी अमेरिकेत कॉर्निया उघडून जेली काढून दाखवली होती. उघड्या डोळ्यात दाब राहणार कसा? १९७०च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी कातरणारं, ओढणारं आणि पाणी भरणारं एकच उपकरण बंद डोळ्यात घातलं, आणि आमची शाखा खऱ्या अर्थानं सुरू झाली. कौतुक सगळं त्या कटरचं होतं. माझ्या मते खरी करामत पाणी भरण्याची होती.

भोसरी-चाकणच्या पेशंटला हे समजावायला वेळ लागत नाही. हायड्रॉलिक प्रेसवरच्या ऑपरेटरला लाइनमधला प्रेशर ड्रॉप माझ्यापेक्षा चांगला कळतो. नळी जितकी बारीक, तितका वाटेत दाब जास्त खर्ची पडतो. आमची छिद्रं आता जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असतात. कटर जोरात ओढायला लागला की बाटलीपाशी ३० असलेला दाब डोळ्यात पोचेपर्यंत बराच उतरलेला असतो.

पूर्वी सगळा हिशेब बाटलीच्या उंचीवर चाले. डोळ्यापासून ४१ सेंटिमीटर वर टांगली की ३० मिलिमीटर. वाढवायचा असेल तर सिस्टर स्टँड वर सरकवायच्या. सर्जननं आपल्या पाठीच्या सोयीसाठी टेबल वर घेतलं, की बाटली जागच्या जागी आणि दाब मात्र गुपचूप खाली! आता यंत्र हवेच्या जोरानं पाणी ढकलतं, नळीतला प्रवाह मोजतं आणि घट भरून काढतं. स्क्रीनवर २५चा आकडा ठाम उभा असतो. पण तो हिशेबानं काढलेला आकडा आहे, डोळ्याच्या आत कुणी गेज बसवलेला नाही. म्हणून पाणी सोडण्याआधी कॅन्युलाचं, म्हणजे पाणी आत नेणाऱ्या बारीक नळीचं, टोक पोकळीत मोकळं दिसतंय ना, हे मी दिवा धरून बघतेच. ते पडद्यामागच्या थरात अडकलं असेल, तर पाणी त्या थरात जातं आणि पडदा फुगून समोर येतो.

आकड्याआधी डोळाच बोलतो. दाब पडला की कॉर्नियावर चुण्या पडतात आणि समोरचं चित्र वेडंवाकडं होतं. फार चढला की कॉर्निया धुरकटतो, नेत्रनाडीचा गुलाबी गोल फिका पडतो आणि तिच्यावरची धमनी थडथडायला लागते. रक्ताला आत शिरायला जागा उरलेली नाही, असा त्याचा अर्थ. शरीराच्या रक्तदाबातून डोळ्याचा दाब वजा जाता जे उरतं, त्यावर पडदा जगतो. म्हणून भूल देणारे डॉक्टर "बीपी नव्वदवर आलंय" म्हणाले, की माझा आकडाही खाली येतो.

जुन्या मधुमेहात ही कसरत सगळ्यात अवघड. पडद्यावर नव्यानं फुटलेल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात, की वरचा पापुद्रा सोलताना रक्त येणारच. "साठ करा," मी म्हणते. दाबानं वाहिनी मिटते, गुठळी धरते. मिनिट-दोन मिनिटांत तो उतरवायचा, पण टप्प्याटप्प्यानं. एकदम सोडला तर तीच वाहिनी पुन्हा वाहायला लागते. आणि दाब कोसळलाच, तर पडद्यामागच्या थरात मोठा रक्तस्राव होऊ शकतो. त्याला आम्ही सगळेच घाबरतो. पेशंट बहुतेक वेळा जागा असतो, म्हणून त्याला आधीच बजावून ठेवतो, "काका, खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगा, मग खोका."

आमच्या पट्ट्यातली खास केस म्हणजे छिन्नी-हातोडा. लोखंडावर लोखंड आदळतं, कपची उडते. जखम इतकी बारीक असते, की माणूस "कचरा गेला असेल" म्हणून ड्रॉप घालत राहतो. गॉगलवर घामानं वाफ धरते, ही कामगारांची तक्रार खरी आहे. पण ती ऐकून चांगले गॉगल आणायला हवेत, आहेत ते लॉकरमध्ये ठेवून कसं चालेल? अशा डोळ्याचा सीटी स्कॅन करायचा, एमआरआय अजिबात नाही, कारण त्या चुंबकानं कपची आतल्या आत हलू शकते. ऑपरेशनमध्ये आधी जखम शिवायची, नाहीतर भरलेलं पाणी तिथूनच निघून जातं. मग जेली काढून कपची चुंबकानं किंवा चिमट्यानं उचलायची. बाहेर काढण्यासाठी छिद्र रुंद करावं लागतं, आणि ती बाहेर येते त्या क्षणी दाब धाडकन पडतो. तिथे बूच लावण्यात एका श्वासाचाही उशीर चालत नाही.

टेबलवरून पेशंट उतरला तरी दाबाचा प्रश्न सुटत नाही. सुटलेला पडदा जागेवर धरून ठेवायला आम्ही पोकळीत गॅस भरतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड दोनेक आठवडे राहतो, परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ आठवडे. विमानात बसू नका, हे सगळे डॉक्टर सांगतात. पण घाटाचं काय? पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, लोणावळा त्याहून थोडं वर. मुंबईपेक्षा इथली हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. मुंबईत ऑपरेशन करून गॅस भरलेला डोळा घेऊन कुणी दुसऱ्या दिवशी गाडीनं बोरघाट चढला, तर त्या ४ मिली गॅसला पाव मिली जास्त जागा हवी असते. डोळ्याची भिंत ताणली जात नाही, मग दाब चढतो. वर पोचेपर्यंत डोळा ठणकायला लागतो, कधी अंधारीही येते. अशा वेळी त्या दुखण्यावर गोळी घेऊन झोपायचं नसतं, लगेच डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. खाली उतरताना उलट, डोळा मऊ पडतो. तिथे राहिल्यावर तो हळूहळू पाण्यानं भरून नेहमीच्या दाबावर येतो, आणि परतीच्या चढावर पुन्हा तेच संकट. गॅस असेपर्यंत दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल घ्यायची वेळ आली तर नायट्रस ऑक्साइड द्यायचा नाही. त्यासाठी मनगटाला पट्टा बांधून देतो, तो दाढी करताना अडचण होते म्हणून काढणारेही असतात.

म्हणून गॅस की सिलिकॉन तेल, हे ठरवण्याआधी मी पेशंटचं गाव विचारते. लातूर-बीडकडचा असेल तर वाटेतल्या चढउतारांचा अंदाज घेते. महाड-चिपळूणचा असेल आणि सुट्टी मंजूर होऊन दिवाळीला जायचं पक्कं ठरलेलं असेल, तर तेल सुचवते. तेल हवेसारखं फुगत नाही. ते काढायला काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करावं लागतं, त्यावर घरचे कुरकुरतात, पैशांचा विषय निघतो आणि कधी कधी सुट्टीच रद्द होते. मग गॅस.