मुतालिकी

सिंदखेडराजास लखुजीराव जाधवांच्या प्रचंड समाधीपाशी उभे राहिले, म्हणजे त्यांच्या पराक्रमाइतकेच 1629 सालचे दौलताबादही आठवते. कारण ज्या निजामशाहीची चाकरी करून हे घराणे नावारूपास आले, तिच्याच दरबारात पुत्रपौत्रांसह त्यांचा घात झाला. त्यानंतर आमच्या वऱ्हाडाने मोगल पाहिले, हैदराबादचा निजाम पाहिला, 1853 च्या तहाने आलेला इंग्रजी अंमल पाहिला, 1903 साली मध्यप्रांताशी बांधलेली गाठही पाहिली. शिक्के बदलले, दफ्तरे बदलली, आणि कालची सनद आज रद्दीत जाते हे समजण्यास इथल्या माणसाला इतिहास वाचावा लागला नाही.

अशा मुलखातल्या ख्रिस्ती माणसाने रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडावा, आणि जे अधिकार आहेत ते देवाने नेमलेले आहेत, हे पौलाचे प्रतिपादन वाचून क्षणभर अडखळावे, यात नवल नाही. मला मात्र त्या अध्यायात सत्ताधीशाचा गौरव कधी दिसला नाही. दिसली ती मुतालिकी. मुतालिकाच्या हाती शिक्का असतो, वतन नसते. आणि पिलातापुढे बंदिवान म्हणून उभ्या असलेल्या ख्रिस्ताने, तुझा अधिकार वरून मिळालेला आहे, असे जे त्यास सुनावले, त्यात त्या अधिकाराची मान्यता आहे तशी हिशेबाची ताकीदही आहे.

राजसत्तेचे एवढ्यावर भागते. मंडळीतल्या सत्तेचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण ती हुकूम काढीत नाही, सल्ला देते. मिशनच्या जुन्या अमदानीत खामगाव-बुलढाण्याकडेच काय, महाराष्ट्रात सर्वत्रच, नोकरी देणारा, पोराला बोर्डिंगात घालणारा आणि उपदेश करणारा हात पुष्कळदा एकच असे. मग साहेबांनी नुसते सुचविले, तरी ऐकणाऱ्याच्या कानी ती आज्ञाच पडे. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनपासून अलग होऊन ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यामागे ही घुसमट काही अंशी असावी, असे मला वाटते. साहेबांचे हेतू बहुधा शुद्धच होते. पण शुद्ध हेतूने दिलेला सल्ला मोडणे हेच तर सर्वांत कठीण!

या बाबतीत शास्त्रातला माझा आवडता पुरुष नाथान संदेष्टा. दावीदाला पापाचा जाब विचारणारा नाथान सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचा नाथान फारसा कोणी आठवीत नाही. देवासाठी मंदिर बांधण्याचा मनोदय दावीदाने बोलून दाखविला, तेव्हा त्याने तत्काळ, मनात आहे ते कर, देव तुझ्याबरोबर आहे, असा निर्वाळा दिला. त्याच रात्री देवाने त्याला वेगळेच सांगितले, आणि आपलाच शब्द मागे घेण्यासाठी त्याला राजाकडे परत जावे लागले. संदेष्ट्याची पत त्या परत जाण्याने गेली नाही, हे आमच्या पाळकांनी आणि पंचांनी, आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीही, पाहून ठेवण्यासारखे आहे.

तरीही नाथानाचे नशीब चांगले, असे कधी कधी मनात येते. एका रात्रीत यरुशलेमात कोणी पाया खणला नव्हता. आमच्याकडे पाळकसाहेबांच्या शब्दावर कोणी मुलाच्या शिक्षणासाठी दोन एकर काळी जमीन काढतो, किंवा मुलीचे ठरत आलेले लग्न मोडतो. वर्षा-दोन वर्षांनी पाळकसाहेबांस वेगळे उमगते, आणि तोवर सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढून गेलेले असते. अशा वेळी परत जाऊन त्या माणसाला काय सांगावे, हे नाथानाच्या कथेत नाही.