तीन टिंबं

एकाला तीनने भागताना भागाकार संपायचं नाव घेत नाही, तेव्हा शाळेतलं मूल ०.३३३ लिहितं, पुढे तीन टिंबं देतं आणि मोकळं होतं. अनंत श्रेणीशी आपली पहिली ओळख ही अशी नकळत होते. कारण ती संख्या म्हणजे तीन दशांश, अधिक तीन शतांश, अधिक तीन सहस्रांश, अशी कधीच न संपणारी बेरीज असते. पुढे ही टिंबं जन्मभर भेटत राहतात आणि ‘असंच पुढे’ एवढंच सांगत असल्याचा आव आणतात. मला तो न वठलेला चेक वाटतो. खात्यात शिल्लक आहे की नाही, हे चेकवरच्या सुबक अक्षरावरून कळत नाही. तसंच पदं लहान होत चालली एवढ्यावरून बेरीज ठरते असं म्हणता येत नाही.

१ + १/२ + १/३ + १/४ … ही हरात्मक श्रेणी घ्या. पदं शून्याकडे चालली आहेत, तेव्हा बेरीजही कुठेतरी स्थिरावेल असं कुणालाही वाटेल. पहिली दहा लाख पदं मिळवली तरी ती १४.४ गाठत नाही. पण चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी लांबलचक बेरजा न करताच निकाल लावला. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, कारण नुसते दोन पाव मिळूनच अर्धा होतो. १/५ ते १/८ ही चार पदं पुन्हा अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठही तशीच. दर खेपेला दुप्पट पदं लागतील, पण अर्ध्याची भर पडतच राहील आणि बेरीज म्हणाल ती मर्यादा ओलांडेल. श्रेणी अपसारी आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, आता संगणक आहे. बेरीज करून पाहा, वाद कशाला? तर ३२ बिटांच्या अपूर्णांकांत हीच श्रेणी पहिल्या पदापासून ओळीने मिळवायला सांगा. सुमारे एकवीस लाख पदांनंतर बेरीज १५.४ च्या आसपास येते आणि तिथेच बसते. पुढचं पद इतकं बारीक असतं, की राउंडिंग करताना ते सांडून जातं. पडद्यावरचा आकडा तासभर हलत नाही आणि बघणाऱ्याची खात्री पटते, की श्रेणी अभिसारी आहे!

उलट बाजूचं उदाहरण केरळातलं. १ − १/३ + १/५ − १/७ … या श्रेणीचं श्रेय संगमग्रामच्या माधवांना दिलं जातं. ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकातल्या मल्याळम ग्रंथात तिची उपपत्ती आहे. बेरीज पायच्या चौथ्या हिश्शाइतकी. श्रेणी अभिसारी खरी, पण चाल गोगलगायीची: दहा पदांची बेरीज चौपट केली तर ३.०४१८ येतात, म्हणजे पहिल्याच दशांश स्थळी चूक. केरळच्या गणितींनी मग टिंबांमागे उरलेल्या शेपटालाच हात घातला. जितकी पदं घेतली, त्या संख्येचा वर्ग अधिक एक. त्याला तिच्या घनाची चौपट अधिक तिची पाचपट यांनी भागायचं. दहा पदांपुढे ही दुरुस्ती १०१/४०५० येते. ती मिळवून चौपट करा: ३.१४१५९२७, सात स्थळांपर्यंत चोख. अभिसरण सिद्ध करणं ही निम्मी कामगिरी. उरलेल्या बाकीचा अंदाज बांधणं ही उरलेली निम्मी, आणि माझ्या मते अधिक अवघड.

आणखी एक आक्षेप हमखास येतो: मग १ + २ + ३ + … ची बेरीज उणे १/१२ कशी? नेहमीच्या अर्थाने ती नाहीच. तिथे ‘बेरीज’ या शब्दाची व्याख्याच बदललेली असते, आणि व्याख्या बदलायला गणितात मनाई नाही, फक्त ती सांगावी लागते. रामानुजन यांनी फेब्रुवारी १९१३ मध्ये इंग्रज गणिती हार्डींना हे लिहिलं, तेव्हा आपल्या सिद्धान्तानुसार ही बेरीज एवढी येते असंच म्हटलं होतं; वर, हे वाचून तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल, असंही जोडलं होतं. आज उणे १/१२ मिरवणारे नेमकं ‘आपल्या सिद्धान्तानुसार’ तेवढं गाळतात.